गोष्ट सांगणारा माणूस गावोगाव का फिरायचा? आणि आज त्याची वाट कुठे अडली आहे?

राजस्थानातला भोपा गावात येतो तेव्हा त्याच्या खांद्यावर एक देऊळ असतं. साधारण पंधरा फूट लांब, कापडाचं, गुंडाळून ठेवलेलं. त्याला तिकडे 'फड' म्हणतात. मराठी माणसाला फड म्हटलं की तमाशा आठवतो, पण हा फड वेगळा. हे लोकदेवता पाबूजी यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांनी भरलेलं चित्र आहे. अंधार पडल्यावर ते दोन बांबूंवर ताणून उभं केलं जातं, समोर धूप लागतो आणि पहाटेपर्यंत गोष्ट चालते. सकाळी देऊळ पुन्हा गुंडाळलं जातं आणि भोपा पुढच्या गावाला निघतो.

भारतात अशी फिरती माणसं जवळपास प्रत्येक भागात होती. महाराष्ट्रात कीर्तनकार, गोंधळी, वासुदेव आणि चित्रकथी, छत्तीसगडमध्ये पंडवानी गाणारे, दिल्ली-लखनौकडे दास्तानगो, तमिळनाडूत हरिकथा सांगणारे भागवतर. शाळा आणि छापखाना नव्हता तेव्हा रामायण-महाभारत बहुतेकांपर्यंत पोहोचलं ते यांच्या पायांनी.

आज यातल्या बऱ्याच गोष्टी पुस्तकांत आहेत, यूट्यूबवर आहेत. मग परंपरा अडचणीत आहे असं का म्हटलं जातं? ते कळण्यासाठी आधी ही माणसं फिरायची का आणि सांगायची कशी, हे पाहावं लागतं.

फड: गोष्टीचा नकाशा

पाबूजी हा मारवाडातल्या कोलू गावचा राठोड राजपूत. तो चौदाव्या शतकाच्या आसपास होऊन गेला असं मानतात. कथा अशी सांगतात: देवल नावाच्या चारण स्त्रीकडे केसर कालमी नावाची घोडी होती. तिच्या गाईंवर संकट आलं तर धावून येईन, असा शब्द देऊन पाबूजीनं ती घोडी घेतली. पुढे उमरकोटला त्याचं लग्न लागत असतानाच गाई पळवल्याची बातमी आली. फेरे अर्धवट सोडून तो निघाला आणि गाई सोडवण्याच्या लढाईत त्याचा शेवट झाला. ते उमरकोट आज पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात आहे.

याच पाबूजीनं लंकेहून उंट मारवाडात आणले, अशीही कथा आहे. त्यामुळे उंट पाळणाऱ्या राईका किंवा रेबारी समाजाचा तो देव. जनावरं आजारी पडली, घरात दुखणं आलं की नवस बोलला जातो आणि भोप्याला बोलावून फड लावला जातो. भोपा हा एकाच वेळी पुजारी आणि गायक असतो. (तुळजापूरच्या देवीचे 'भोपे' पुजारी मराठी वाचकांना माहीत असतील. शब्द तोच.) भोपे बहुतेक नायक समाजातले. फड रंगवतात ते मात्र भिलवाडा जिल्ह्यातल्या शाहपुरा परिसरातले जोशी चित्रकार.

या चित्रात एक गंमत आहे. कॉमिक्ससारखे प्रसंग डावीकडून उजवीकडे क्रमानं येत नाहीत. चित्रं ठिकाणांप्रमाणे मांडलेली असतात. मध्यभागी कोलूचा दरबार, एका टोकाला लंका, दुसऱ्या टोकाला उमरकोट. म्हणजे फड हा गोष्टीचा नकाशा आहे. कथा जिकडे जाते तिकडे भोपा चालत जातो, त्याची बायको हातातला दिवा त्या चित्राजवळ नेते. अंधारात तेवढाच भाग उजळतो. भोप्याच्या हातात रावणहत्था असतो. नारळाच्या करवंटीचं आणि बांबूचं हे वाद्य, त्याच्या गजाला घुंगरू बांधलेले.

फड जुना होऊन फाटला तर तो फेकत नाहीत, विकतही नाहीत. तो 'ठंडा' करतात, म्हणजे पुष्करच्या तलावात विसर्जित करतात. आपल्याकडे मूर्तीचं करतात तसंच.

पण फिरायचं कशासाठी?

पहिलं कारण पोटाचं. एक गाव एका कथेकऱ्याला वर्षभर पोसू शकत नाही. सुगी झाली, घरात धान्य आलं की कथेकरी निघायचे. पावसाळ्यात देव झोपलेले असतात, म्हणून फड उघडायचा नाही अशी रीत आहे. कारण धार्मिक, पण ती वेळ शेतीच्या कामाची आणि चिखलाच्या वाटांचीही असते. दोन्ही गोष्टी बरोबर जुळतात.

दुसरं कारण ठरलेल्या घरांचं. फिरणं म्हणजे वाटेल तिकडे भटकणं नव्हतं. कोणत्या कुटुंबानं कोणत्या गावांत जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. सावंतवाडी संस्थानानं या कलेला आश्रय दिला, कलाकारांना गावं नेमून दिली. त्या त्या गावच्या देवळात जाऊन कथा लावायची आणि मानधन घ्यायचं. कागदावर रंगवलेल्या चित्रांच्या चळतीला ते 'पोथी' म्हणतात. एकेक चित्र उचलून उभं करायचं, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीनं प्रसंग सांगायचा, मग पुढचं चित्र.

तिसरं कारण गोष्टीचं स्वतःचं. एकाच गावात तीच गोष्ट रोज सांगितली तर ती शिळी होते. दर वर्षी एकदा आली तर ती सणासारखी होते. ऐकणाऱ्याला कथा माहीत असते, तरी तो वाट पाहतो. पुढे काय होणार यापेक्षा या वेळी ती कशी सांगितली जाणार, याचं कुतूहल असतं.

इतकं लक्षात राहतं तरी कसं?

पाबूजीची संपूर्ण कथा गायची तर एक रात्र पुरत नाही, अनेक रात्री लागतात. हे सगळं पाठ असतं का?

भारतात तोंडी परंपरेच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक वेदपठणाची. तिथं अक्षर तर सोडाच, स्वरही बदलता येत नाही. चूक होऊ नये म्हणून तेच शब्द उलटसुलट क्रमानं म्हणण्याच्या पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पद्धती तयार झाल्या. युनेस्कोनं 2003मध्ये या पठणपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

दुसरी पद्धत कथेची. इथे सांगाडा पक्का असतो, पण कथेकरी प्रसंग ताणतो, आखडतो, समोरची माणसं पाहून भर घालतो. पाबूजीच्या कथेतही दोन भाग असतात. 'गाव' म्हणजे गाऊन सांगायचा भाग आणि 'अरथाव' म्हणजे त्याचा अर्थ बोलून उलगडायचा भाग. गाणं आठवणीला धरून ठेवतं, बोलणं त्या रात्रीच्या श्रोत्यांशी जोडून घेतं.

विसाव्या शतकात हे जगभर अभ्यासलं गेलं. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी 1930च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची महाकाव्यं रेकॉर्ड केली. त्यांच्या लक्षात आलं की हे गायक हजारो ओळी घोकत नाहीत. त्यांच्याकडे तयार शब्दबंध असतात. सूर्योदय, घोड्यावर खोगीर चढवणं, युद्धाला निघणं, या प्रत्येकासाठी ठरलेल्या ओळी. त्या जोडत जोडत ते गातानाच काव्य रचतात. लॉर्ड यांचं या विषयावरचं पुस्तक 1960 साली आलं आणि लोकमहाकाव्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. भारतात पाबूजीच्या कथेवर असं सविस्तर काम केलं ते ब्रिटिश अभ्यासक जॉन स्मिथ यांनी.

राजस्थानात हे काम आयुष्यभर केलं कोमल कोठारी यांनी. लेखक विजयदान देथा यांच्याबरोबर त्यांनी 1960 साली बोरुंदा गावात रूपायन संस्था उभी केली. त्यांचं एक निरीक्षण विचारात पाडणारं आहे. एका लोकगायकाला त्यांनी लिहा-वाचायला शिकवण्याची सोय केली. तो शिकला, पण मग गाण्याआधी त्याला वही पाहावी लागू लागली. जे आतापर्यंत आपोआप आठवत होतं, ते कागदावर गेल्यावर डोक्यातून निसटायला लागलं. फोन नंबर पाठ असण्याचे दिवस आठवले तर हे कोणालाही पटेल.

याचा अर्थ या माणसांनी निरक्षर राहावं, असा मुळीच नाही. स्मरणशक्ती हेही एक कौशल्य आहे आणि ते रोजच्या वापरानं टिकतं, इतकाच.

'हूं' म्हणणारा माणूस

लहान मुलाला गोष्ट सांगताना आजी मध्येच थांबते आणि म्हणते, 'हूं म्हण, नाहीतर गोष्ट बंद.' मूल जागं आहे की झोपलं, एवढंच तिला पाहायचं नसतं. समोरून हुंकार आला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही.

राजस्थानात 'बात' सांगण्याच्या परंपरेत हे काम करणारा माणूसच ठरलेला असतो. तो 'हुंकारा' देतो. पंडवानीत त्याला 'रागी' म्हणतात. तो साथ करतो, मध्येच आश्चर्य दाखवतो, 'मग काय झालं?' असं विचारतो. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न तो प्रेक्षकाच्या वतीनं विचारतो. वारकरी कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी अभंगाचं चरण उचलतात आणि बुवांना श्वास घ्यायला, विचार करायला जागा मिळते.

म्हणजे या परंपरेत श्रोता नुसता पाहत बसत नाही, गोष्ट पुढे नेण्याचं अर्धं काम त्याचं असतं. त्याला कंटाळा आला की प्रसंग आखडता घेतला जातो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की तोच प्रसंग अर्धा तास चालतो. रेकॉर्डिंगमध्ये नेमकी हीच गोष्ट राहत नाही. गाणाऱ्याचा आवाज येतो, पण ऐकणारा ज्या गावचा, त्या गावासाठी केलेला बदल येत नाही.

कथेकऱ्याच्या आत काय चालतं?

या परंपरेचा दुसरा भाग आत वळण्याचा आहे. मराठी कीर्तनात तो अगदी रचनेतच बसवलेला दिसतो.

नारदीय कीर्तनाचे ढोबळमानानं पाच टप्पे असतात: नमन, पूर्वरंग, मध्ये नामजप, उत्तररंग आणि शेवटी आरती-प्रार्थना. गोष्ट येते ती उत्तररंगात, म्हणजे बऱ्याच उशिरा. त्याआधी पूर्वरंगात बुवा एक अभंग किंवा श्लोक घेऊन एखाद्या प्रश्नाचा विचार करतात. माणूस दिलेला शब्द का पाळतो? लोभ सुटत का नाही? मृत्यूची भीती कशाची? आधी प्रश्न पडला पाहिजे, मग गोष्ट. उत्तररंगातलं आख्यान त्या प्रश्नाचं माणसांच्या रूपातलं उत्तर असतं.

हे रोज करणाऱ्याला तो प्रश्न स्वतःलाही विचारावा लागतो. एकच कथा शेकडो वेळा सांगायची तर ती दर वेळी आतून खरी वाटली पाहिजे. म्हणून बऱ्याच परंपरांत सांगण्याआधी नमन आहे, धूप आहे, उपवास आहे. कथा आपली नाही, आपण फक्त वाहणारे आहोत, याची ती आठवण असते.

याचं मराठीतलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण गाडगेबाबांचं. 1876 साली अमरावती जिल्ह्यात परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी जानोरकर 1905च्या सुमारास घर सोडून निघाले ते 1956मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत फिरत राहिले. शेवटही प्रवासातच झाला, अमरावतीकडे जाताना. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम.

त्यांच्या कीर्तनात पांडित्य नव्हतं, वऱ्हाडी बोलीतले प्रश्न होते. ते समोरच्यांना विचारायचे, उत्तर यायचं, त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न. नवसासाठी बकरं का कापायचं, कर्ज काढून लग्न का करायचं, माणूस माणसाला विटाळ का मानतो. श्रोते आपल्याच तोंडानं निष्कर्षापर्यंत पोहोचायचे. हुंकाराची जुनी पद्धतच त्यांनी प्रबोधनाचं हत्यार केली. पूर्वरंगातला आत्मपरीक्षणाचा प्रश्न त्यांनी बुवांकडून काढून थेट गर्दीच्या हातात दिला.

पायांबरोबर गोष्ट कुठवर गेली?

कथेकरी फिरला की भाषेची सीमा ओलांडली जाते. मराठी कीर्तनाचा प्रवास दोन दिशांना पाहता येतो.

उत्तरेला संत नामदेव. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव पंढरपूरहून निघून पंजाबात पोहोचले. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावात त्यांचं दीर्घकाळ वास्तव्य होतं. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. पंढरपूरचा कीर्तनकार पंजाबच्या गुरुद्वारांत आजही गायला जातो. याच नात्यामुळे 2015 साली 88वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानमध्ये भरलं होतं.

दक्षिणेला तंजावर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथं मराठा सत्ता स्थापन केली, ती 1855पर्यंत टिकली. या काळात मराठी कीर्तनकार तंजावरला जात राहिले. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांनी तिथं चातुर्मासात कीर्तनं केली, त्यांचा स्थानिक कलावंतांवर मोठा परिणाम झाला. तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची बांधणी आणि कर्नाटक संगीत एकत्र आणून तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. म्हणूनच तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी छंदांची नावं आजही भेटतात. चेन्नईतल्या सभागृहात तमिळ कथा ऐकताना मध्येच 'साकी' येते, ती या वाटेनं तिथं गेलेली आहे.

सांगायचा हक्क कोणाला?

परंपरा म्हटलं की सगळं छान होतं असं वाटतं. तसं नव्हतं. कोणी सांगायचं आणि कोणी फक्त ऐकायचं, हे जात आणि लिंग पाहून ठरायचं. गोष्ट सांगायला रस्त्यावर यावं लागतं, आणि रस्ता बाईसाठी मोकळा नव्हता.

छत्तीसगडच्या तीजन बाईंची कहाणी यासाठी महत्त्वाची आहे. 1956 साली भिलाईजवळच्या गनियारी गावात पारधी समाजात त्यांचा जन्म झाला. आईच्या वडिलांकडून महाभारताच्या कथा ऐकत त्या शिकल्या. पंडवानीच्या दोन शैली आहेत. वेदमतीत बसून सांगायचं, कापालिकमध्ये उभं राहून, फिरून, अभिनय करत. बायकांनी गायलं तर बसून, अशी रीत होती. तीजन बाईंनी उभं राहून गायलं. हातातला तंबोरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचा रथ.

तेराव्या वर्षी शेजारच्या गावात त्यांनी दहा रुपये मानधनावर पहिला कार्यक्रम केला असं सांगितलं जातं. गाण्यापायी त्यांना समाजातून बाहेर काढण्यात आलं, झोपडी बांधून एकटीनं राहावं लागलं. पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी त्यांना हेरलं. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' मालिकेतून त्या देशभर पोहोचल्या. 2003मध्ये पद्मभूषण आणि 2019मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळालं. ज्या बाईला गावातल्या चौकात उभं राहू दिलं जात नव्हतं, तिनं परदेशांतल्या रंगमंचांवर उभं राहून महाभारत सांगितलं.

दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. सरस्वती बाई हरिकथा सांगायला उभ्या राहिल्या तेव्हा पुरुष भागवतरांनी त्यांना कडाडून विरोध केला होता. त्यांनीही वाट सोडली नाही. आज महाराष्ट्रात महिला कीर्तनकारांची कीर्तनं हजारो लोक ऐकतात, त्यामागे अशा अनेकींनी खाल्लेला मार आहे.

वाट अडली कुठे?

रेडिओ, सिनेमा, टीव्ही आणि मोबाइल आले, म्हणून कथेकरी मागे पडले, असं सोपं उत्तर दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

इंग्रजांना फिरता माणूस संशयास्पद वाटायचा. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अनेक समाज जन्मानंच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 साली गेला, पण नजर बदलली नाही. 1959मध्ये मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी रुंद आहे की गाणं, नाचणं, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे घेणंही तिच्यात बसतं. म्हणजे वासुदेवानं पहाटे दारात गाऊन पसाभर धान्य घेणं ही परंपरा आहे की गुन्हा, हे बघणाऱ्या पोलिसावर अवलंबून. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2018मध्ये या कायद्यातल्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण तो निकाल दिल्लीपुरता होता.

वासुदेव, गोंधळी, चित्रकथी, जोशी, नंदीवाले हे सगळे महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. ज्यांचं घर फिरतं होतं त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही, जन्माचा दाखला नाही, त्यामुळे शाळा, रेशन, जातीचं प्रमाणपत्र सगळीकडेच अडतं. केंद्र सरकारनं नेमलेल्या रेणके आयोगानं 2008मध्ये आणि त्यानंतर इदाते आयोगानंही हे प्रश्न मांडले.

आणि मग 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होती. दूरवरून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरणाऱ्या समाजातली ही माणसं होती. एकेकाळी अनोळखी माणूस दारात आला की गाव गोळा व्हायचं ते ऐकायला. तिथं गाव गोळा झालं ते मारायला. आणि गावाला त्या दिवशी कोणी गोष्ट सांगितली होती तर ती मोबाइलनं. सांगणारा कोण, कुठला, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, हे विचारायची सोय त्या गोष्टीत नव्हती.

तोंडी परंपरेतली गोष्टही बदलत असते, तिच्यातही कल्पना असते. पण सांगणारा समोर उभा असतो. त्याला अडवता येतं, प्रश्न विचारता येतो, पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार असतो. फॉरवर्ड आलेल्या मेसेजला चेहरा नसतो.

पुस्तकं आहेत, मग हरवलं काय?

दास्तानगोईचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवल किशोर प्रेसनं तब्बल 46 खंडांत छापली. म्हणजे गोष्ट हरवण्याचा प्रश्नच नव्हता. पण 1928 साली दिल्लीतले शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली वारले आणि कलाच थांबली. खंड होते, सांगणारा नव्हता. जवळपास आठ दशकं हे असंच राहिलं. उर्दूचे अभ्यासक शम्सुर रहमान फारुकी यांनी हे खंड गोळा करून अभ्यासले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारुकी यांनी 2005मध्ये दिल्लीत दास्तानगोई पुन्हा सुरू केली. आज तरुण कलाकार फाळणीपासून अगदी नव्या विषयांपर्यंत दास्ताना सांगतात.

पुस्तकानं गोष्ट जपली, पण ती जिवंत झाली ती दोन माणसं पांढऱ्या कपड्यांत समोर येऊन बसली आणि श्रोत्यांनी दाद दिली तेव्हा.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्यापासून सुरुवात करून ठाकर आदिवासी कलांचं संग्रहालय उभं केलं. 2021मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं जुन्या पोथ्या पाहता येतात आणि कथा ऐकताही येते. तिकडे राजस्थानात फडाची चित्रं आता ड्रॉइंग रूमच्या भिंतीसाठी, पर्यटकांसाठीही रंगवली जातात. चित्रकारांना यातून काम मिळालं, हे चांगलंच आहे. पण भिंतीवर टांगलेल्या फडासमोर कोणी दिवा घेऊन चालत नाही. भोप्याच्या मुलानं हॉटेलात पाहुण्यांसाठी दहा मिनिटं रावणहत्था वाजवला तर त्याला रोख पैसे मिळतात. रात्रभर कथा गाण्यापेक्षा ते सोपं आहे, आणि त्यानं तसं केलं तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणून या परंपरेला वाचवायचं म्हणजे फक्त रेकॉर्डिंग करून ठेवायचं नाही. कथेकऱ्याला लागतात तीन साध्या गोष्टी: सांगण्याचा योग्य मोबदला, ओळखीचा कागद, आणि अनोळखी गावात शिरताना भीती वाटणार नाही एवढी खात्री. पहिली गोष्ट प्रेक्षक देऊ शकतात, दुसरी सरकार.

तिसरी मात्र मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकाकडे आहे. पुढच्या वेळी 'अनोळखी माणसं फिरताहेत, सावध राहा' असा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी एकदा विचारून पाहता येईल: ही गोष्ट सांगतंय कोण? आणि पहाटे दारात कोणी चिपळ्या वाजवत उभा राहिला, तर दोन मिनिटं थांबून त्याचं ऐकता येईल. मध्येच एकदा 'हूं' म्हटलं तर अधिकच बरं.